फळीवरचं मिठाचं मडकं

बरजी नवरी होऊन लूणपुऱ्यात आली तेव्हा चौदा वर्षांची होती. पहिल्या दिवशी तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि घोट तसाच परत थुंकला. तिला वाटलं, नणंदा थट्टा करताहेत, पाण्यात मीठ कालवून दिलंय. नव्या नवरीला असं छळायची रीत या गावात असेल. तिने चोरून सगळ्यांकडे पाहिलं, पण कोणी हसत नव्हतं. सासू तेच पाणी पीत होती, नणंदा तेच पीत होत्या, अंगणात बसलेली माणसं तेच गटागटा पीत होती. मग बरजीने डोळे मिटले आणि प्याली.

दुसऱ्या दिवशी सासूने तिला चुलीपुढे बसवलं. नव्या सुनेच्या हातचं पहिलं जेवण. माहेरी आईने शिकवली होती तशी तिने डाळ केली, मूठ वळून अंदाजाने मीठ घातलं, बाट्यांच्या कणकेतही घातलं. थोरले दीर सूंडारामजी पहिले जेवायला बसले. त्यांनी एक घास घेतला, दोन बोटांनी ताट पुढे सारलं आणि मिशा पुसत उठून गेले.

सासू मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "अगं वेडे, आपल्याकडे मीठ घालायचं काम विहीरच करते." आणि मिठाचं मडकं उचलून तिने वरच्या फळीवर ठेवून दिलं. पुढे ते खाली यायचं ते वर्षातून एकदा, कैरीचं लोणचं घालायच्या दिवशी.

गावाच्या पश्चिमेला क्षितिजापर्यंत मिठाचं तळं. उन्हाळ्यात ते पांढरं होऊन इतकं चमके की बायका तिकडे पाठ करून चालत. जुनी माणसं सांगत, माताजीने प्रसन्न होऊन ही सगळी जमीन चांदीची केली होती, पण चांदीसाठी माणसं एकमेकांचे गळे धरतील म्हणून गावाने हात जोडले आणि चांदीचं मीठ मागून घेतलं. नाथी, बरजीची शेजारीण, जिभेची तिखट, ती म्हणायची की मागणारे पुरुष असणार. बाई मागायला गेली असती तर तिने आधी पाण्याचं विचारलं असतं.

लूणपुऱ्याचं माणूस पंचक्रोशीत दातांवरून ओळखू येई. दुधाचे दात पडून दुसरे आले की ते तपकिरी पट्ट्यांचेच येत. गावातल्या मुली हसताना ओढणीचं टोक तोंडाशी धरायला आपोआप शिकत. चाळिशीत गुडघे धरायचे, पन्नाशीत माणूस पायऱ्या बसून उतरायचं. चहात दूध टाकलं की ते फाटे. डाळीचं तर विचारूच नका. हरभऱ्याची डाळ सकाळी चढवली तरी दुपारी दाताखाली खडे लागावेत तशी लागे. ज्यांचे दात गेले होते ते म्हातारे ती नुसती गिळत. गोडं पाणी तीन कोसांवर करणसरला होतं. बरजीने तीस वर्षं डोक्यावर दोन घडे घेऊन ती वाट तुडवली. पण ते पाणी पाहुण्यांच्या चहाला आणि आजाऱ्याला. घरच्यांनी आपलं विहिरीचं प्यायचं.

या सगळ्या वर्षांत ती सूंडारामजींशी एक शब्दही बोलली नव्हती. थोरल्या दिराशी, जेठाशी, बोलायचं नसतंच. ते दाराशी येऊन खाकरले की ती पदर हनुवटीपर्यंत ओढे आणि मांजरीला सांगितल्यासारखं म्हणे, "बाजरी संपत आली ग." ते मांजरीचं बोलणं ऐकत आणि दुसऱ्या दिवशी बाजरी येई. नवरा वारला तेव्हाही असंच झालं. दारात उभे राहून ते भिंतीकडे बघत म्हणाले, "सांगा तिला, हे घर एकटं नाही." माणूस वाईट नव्हता. फक्त एकदा सारलेलं ताट ते कधी परत ओढून घेत नसत.

मग एका वर्षी खाऱ्या गावांत गोड्या पाण्याचं मशीन बसवणाऱ्या एका संस्थेची माणसं गावात आली. त्यांना सोलरचं काम शिकायला बाई हवी होती, शिकलेली नसली तरी चालेल, पण बाईच. पुरुष शिकतो आणि शहरात निघून जातो असा त्यांचा अनुभव. सहा महिने त्यांच्याकडे राहायचं होतं. गावातली एकही सून तयार होईना, झाली तर घरचे होईनात. बरजीची सून धापू तिसरीपर्यंत शिकलेली.  त्या आठवड्यात दोनदा तिच्या हातून भाकरी करपली, आणि बरजीला कळायचं ते कळलं.

मुलाला, गोरधनला, तिने समजावलं. दीड वर्षांची नात कोयल स्वतःकडे ठेवून घेतली. नाथी पाणवठ्यावर म्हणाली, "सासूने सून कामाला पाठवलेली पाहिली, शाळेत पाठवलेली नव्हती पाहिली." दुसरी म्हणाली, आता तारा जोडणाऱ्या सुनेच्या हातची भाकरी खाल्ली तर झटका बसायचा. बरजी घडा भरत राहिली. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईने तिला एकदा सांगितलं होतं की मुलांचे दुसरे दात आत हिरडीतच घडतात, आणि विहिरीच्या पाण्यातल्या विषाने बिघडतात तेही तिथेच, पहिल्या सहा-सात वर्षांत. बरजीने बोटांवर हिशेब केला होता. कोयलजवळ अजून पाच वर्षं होती.

धापू सहा महिन्यांनी परत आली. चालताना तिची पाठ पूर्वीसारखीच वाकलेली होती, पण हात बदलले होते. शाळेमागच्या खोलीवर सोलरच्या प्लेटा चढल्या, आत मशीन बसलं, आणि ती त्या खोलीत शिरली की बरजीला आपली सून ओळखू यायची नाही. विहिरीचं पाणी पंप ओढायचा, गाळण्यांतून सोडायचा, मग बारीक पडद्यांच्या नळकांड्यांतून जोराने दाबायचा. एका नळीतून गोडं पाणी यायचं, दुसरीतून सगळा खार. खाराचं पाणी मागच्या पक्क्या हौदात सुकायला जाई, आणि त्याला धापूने काटेरी कुंपण घातलं होतं, कारण त्यात दात खाणारं तेच विष होतं. गावात वीज दिवसाला तीन तास, तीही लहर लागली तर. ऊन मात्र लूणपुऱ्यात कधी गैरहजर नसे. ज्या उन्हाने तळ्याचं मीठ होत होतं, तेच ऊन आता पाण्यातून मीठ काढत होतं.

तळ्यावरून वारा सुटला की प्लेटांवर मिठाची पांढरी साय धरे. धापू पहाटे शिडी चढून एकेक प्लेट ओल्या फडक्याने पुसायची. पंपाचा आवाज जरा भरडा झाला की भाकरी तव्यावर टाकून पळायची. एकदा रंगीत तारांचा गुंता मांडीवर घेऊन बसली होती, बरजी बराच वेळ बघत राहिली. वेणी घालावी तशी तिची बोटं चालत होती. बरजीला आपलं आयुष्य आठवलं, रोजचे सहा कोस, डोक्यावरचे दोन घडे. वाटलं, आपण जे मानेने केलं ते ही बोटांनी करते आहे.

पहिल्या दिवसाच्या पाण्याचा पेला धापूने तिलाच आणून दिला. बरजीने घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. चवच नव्हती. मग तिला एकदम माहेरचं अंगण दिसलं, आईची घागर दिसली, पावसाळ्यात भरलेलं टाकं दिसलं. चव नव्हती म्हणजे खार नव्हता. एवढ्या वर्षांत ती हे विसरून गेली होती.

गाव मात्र हरखलं नाही. पाणी फिकं लागतं, घशाला कळतच नाही, तहान भागत नाही. कोणी म्हणालं पोट हलकं होतं, कोणी म्हणालं जड होतं. सूंडारामजींनी आपलं मत चौकात सांगितलं की मशीन पाण्यातलं सत्त्व काढून घेतं आणि मागे उरतं ते मेलेलं पाणी. शिवाय एका नळाला सगळ्या वस्त्यांच्या बायका भरतात हेही त्यांना रुचत नव्हतं, ते त्यांनी चौकात बोलून दाखवलं नाही. त्यांच्या घरचे घडे विहिरीवरच जात राहिले, आणि त्यांच्याकडे बघून निम्म्या गावाचे. जे नेत तेही नुसतं प्यायला, स्वयंपाक बरजीच्या घरीसुद्धा अजून विहिरीच्याच पाण्यात होई.

तिसऱ्या महिन्यात संस्थेचे रतनसिंगभाई आले. ते स्पष्ट बोलणारे गृहस्थ. रोज सहाशे घडे पाणी तयार होऊ शकतं आणि गाव नेतं साठ, हे त्यांनी मांडलं. पलीकडच्या दोन खाऱ्या गावांनी मशीन मागितलं होतं. चैत्रात माताजीची सवामणी, सव्वा मणाच्या प्रसादाची, होती, सगळं गाव एका पंगतीला बसणार होतं. त्या दिवशी येतो म्हणाले. गावाने हो म्हटलं तर मशीन राहील, नाही म्हटलं तर प्लेटा उतरवून नेऊ.

धापू त्या रात्री जेवली नाही.  बरजी कोयलच्या तोंडात बोट घालून हिरड्या चाचपत बसली.

माताजीच्या प्रसादाची डाळ नेहमी बरजीच्या हातची. तिने धापूला सांगितलं, सवामणीचं सगळं जेवण तुझ्या पाण्यात करायचं, एक घडाही विहिरीचा नको. गाव जेवेल तेव्हा बोलायची गरजच उरणार नाही. धापू घुंगटातून हसली. आदल्या दिवशी तिने प्लेटा दोनदा पुसल्या.

त्या दिवशी ऊन असं पडलं की सकाळी नऊलाच पंप गाऊ लागला. देवळापुढे चर खणून मोठी पातेली चढवली होती. बरजीने हरभऱ्याची डाळ टाकली आणि सवयीने लाकडं जास्तीची लावली, दुपारपर्यंतची. तासाभरात नाथीने झाकण उघडलं आणि ओरडलीच, "अगं बरजी, हिचं तर पिठलं होतंय." डाळ फुटून मऊ झाली होती. बायका पळीने उचलून बघू लागल्या. एकीने दाणा बोटांत धरला तर तो नुसता विरघळला. बरजीने घाईने लाकडं मागे ओढली. हळद, तिखट, लसणाची फोडणी, वर तूप. बाट्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत टम्म फुगल्या. चुरमा कुटला गेला. चव कोणी पाहिली नाही. देवीच्या आधी जिभेवर ठेवलं तर ते उष्टं होतं. हाताच्या अंदाजावरच प्रसाद व्हायचा, आणि बरजीचा हात आजवर कधी चुकला नव्हता.

नैवेद्य झाला. पुरुषांची पंगत बसली, सूंडारामजी पहिल्या पानावर, शेजारी रतनसिंगभाई. धापू हनुवटीपर्यंत घुंगट ओढून बादलीतून डाळ वाढत होती. बायका देवळाच्या ओट्यामागे आपल्या पाळीची वाट बघत उभ्या.

सूंडारामजींनी बाटी कुसकरली, डाळ ओतली, घास घेतला. थांबले. दुसरा घास घेतला. मग दोन बोटांनी पत्रावळ पुढे सारली.

 ती बोटं बरजीच्या ओळखीची होती.

पंगतीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं माती खाल्ल्यासारखं लागतंय. कोणी म्हणालं, आजाऱ्याचं पथ्य बरं. एका टोकाला बसलेला थट्टेखोर गडी म्हणाला, "मशीनने आधीच जेवून घेतलेलं दिसतंय, आपल्याला नुसता चोथा." लोक हसले. सूंडारामजी हसले नाहीत. ते रतनसिंगभाईंकडे वळले.

"बघितलंत? हात तोच, डाळ तीच, तूप तेच. बदललं काय, तर पाणी. हे मेलेलं पाणी अन्नालाही मारतं. आज माताजीलाही आम्ही मेलेलं अन्न दाखवलं."

हे बोलणं हसण्यावारी जाण्यासारखं नव्हतं. रतनसिंगभाई मान खाली घालून पत्रावळीकडे बघत राहिले. त्यांनीही घास घेतला होता.

बरजीने पातेल्याच्या काठावरची डाळ बोटाने उचलून जिभेवर ठेवली आणि तिला सगळं समजलं. मीठ. सव्वा मणाची डाळ, तेवढ्या बाट्या, आणि मिठाचा एक कण नाही. हात मिठाकडे गेलाच नव्हता. चव्वेचाळीस वर्षं गेला नव्हता, तो आज कसा जाणार? आणि तिच्याबरोबर राबलेल्या दहा बायकांपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही, कारण लूणपुऱ्यात अन्नाला मीठ माणूस घालतच नाही.

तेवढ्यात धापू रिकामी बादली घेऊन तिच्याजवळ आली. वाकून पातेल्यात बादली बुडवताना ती अगदी हळू म्हणाली, "माँजी, पहिल्या घासाला त्यांचे चेहरे बघूनच मला मिठाची शंका आली होती. तुम्ही काही बोलू नका. मशीनच बिघडलंय असं सांगू दे मला त्यांना."

"आणि प्लेटा नेल्या म्हणजे?"

 बादलीच्या कडीवर धापूची बोटं घट्ट आवळलेली होती, तारा वेणीसारख्या गुंफणारी ती बोटं. गावाच्या प्रसादाची डाळ बिघडवणारी सासू असं कोणी म्हणू नये म्हणून ही मुलगी सहा महिन्यांचं शिक्षण, पहाटेची शिडी, सगळं द्यायला निघाली होती. आणि कोयलचे दात.

बरजी घरी गेली. घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. तिने खाट ओढली, दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्यावर चढली आणि फळीवरचं मडकं खाली घेतलं. सासूने ठेवलेलं तेच मडकं, कानाशी टवका उडालेलं. पदराने त्यावरची धूळ पुसली आणि ते कडेवर घेऊन परत आली.

ती बायकांत थांबली नाही. सरळ पुरुषांच्या पंगतीत शिरली, घुंगट ओढलेला, मडकं कडेवर. सगळे बघत राहिले. सूंडारामजींच्या पत्रावळीपुढे ती उभी राहिली. आजूबाजूला मांजर नव्हती आणि भिंतही नव्हती.

"जेठजी," ती म्हणाली.

पंगतीतले हात जागच्या जागी थांबले. ओट्यामागे नाथीने तोंडावर पदर दाबला.

"मी या घरात आले तेव्हा डाळीत मीठ घातलं, तुम्ही ताट सारलंत. आज घातलं नाही, आज पण सारलंत. दोन्ही वेळा चुकला तो माझा हात. पाण्याला बोल लावू नका."

 ती पुढे म्हणाली की आपली विहीर इतकी वर्षं आपल्या ताटात मीठ घालत आली, न विचारता, मुठीने. मीठ घालता घालता दात घेऊन गेली, गुडघे घेऊन गेली. माझ्या सुनेने ते मीठ पाण्यातून काढून बाजूला ठेवलंय. आता आपलं आपण घालायचं, हवं तेवढं. एवढंच शिकायचं राहिलंय, आणि सगळ्यात आधी मलाच शिकायचंय.

"आणि माताजीचं म्हणाल, तर तिच्याच तळ्याचं मीठ आहे. घ्या." तिने मडक्यात हात घालून एक चिमूट त्यांच्या पत्रावळीच्या कडेला ठेवली.

पलीकडचा थट्टेखोर गडी हळूच म्हणाला, "मिठाच्या तळ्याकाठी बसून मिठासाठी अडलो होय आपण." या वेळी जे हसू फुटलं ते वेगळं होतं. रतनसिंगभाई हसले, पोरं हसली, ओट्यामागच्या बायका तर ओढणी तोंडाशी धरायच्या विसरल्या.

सूंडारामजी पत्रावळीकडे बघत बसले. बरजी हलली नाही. मग त्यांनी मीठ डाळीवर भुरभुरलं, बोटांनी कालवलं आणि घास घेतला. त्यांच्या तोंडात तेव्हा एकही दात उरला नव्हता. पंचवीस वर्षं ते हरभऱ्याची डाळ चावल्याशिवाय गिळत होते. बरजीने घुंगटाच्या जाळीतून पाहिलं, त्यांचा जबडा हलला, थांबला, पुन्हा हळूहळू हलला. घास हिरड्यांनीच चावला जात होता. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग रिकामा द्रोण उचलला आणि धापू जिथे बादली घेऊन उभी होती त्या दिशेला धरला.

 डाळ वाढून झाल्यावर ते समोरच्या खेजडीच्या झाडाला उद्देशून म्हणाले, "सांगा तिला, उद्यापासून आमच्या घरचे चार घडे."

बरजी मडकं घेऊन पुढच्या पानाकडे वळली. एकेका पत्रावळीवर चिमूट ठेवत ती शेवटच्या पानापर्यंत गेली, आणि मागून धापू डाळ वाढत आली. त्या दिवशी तिसऱ्या पंगतीला बसलेल्या बायकांना डाळ पुरली नाही. नाथीने पातेलं बाटीने पुसून घेतलं आणि म्हणाली, बरजीने चव्वेचाळीस वर्षांत जेठाशी एकदाच बोलायचं ठरवलं, आणि ते मिठावरून.

प्लेटा राहिल्या. पुढे किती तरी दिवस बरजीचा हात घरी चुकतच राहिला. कधी विसरे, कधी विसरेन या भीतीने दोनदा घाली.  पहाटे शिडी घेऊन बाहेर पडण्यापूर्वी धापू मिठाचं मडकं चुलीच्या उजव्या बाजूला, सासूच्या हाताशी आणून ठेवायची. फळीवर ते परत गेलं नाही.

कोयल सात वर्षांची झाली तेव्हा तिचे पुढचे दोन दात आले. बरजीने तिला उन्हात नेलं, हनुवटी वर करून कितीतरी वेळ बघितलं, आणि मग त्या पोरीचा हात धरून दिरांच्या दाराशी गेली. पदर ओढून मांजरीला सांगितल्यासारखं म्हणाली, "दाखव ग, हस."

कोयल तोंडासमोर काही न धरता हसली. आतून सूंडारामजी खाकरले आणि भिंतीला म्हणाले, "सांगा तिला, पोरीला जरा जवळ पाठव, नीट बघू दे."